पाण्यावरचा मुक्काम
घरी बांधलेली शिडाची छोटी होडी, तिच्यात काढायची रात्र आणि नदीकाठच्या गावाने त्यातून घ्यायचा धडा

जोतिबाच्या चैत्री यात्रेला किंवा सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला बैलगाडी जुंपून जायची चाल आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या होती. गाडीत कडबा अंथरून वर घोंगडे, डोक्यावर तट्ट्याची छपरी, गाडीखाली टांगलेला कंदील आणि तळावर तीन दगडांची चूल, एवढ्या संसारावर घरची सगळी माणसे चार-आठ दिवस काढत. दिवसा जी गाडी वाट चालते तीच रात्री घर होते, ही गोष्ट शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

हाच प्रकार पाण्यावर करणारी माणसेही आहेत. दहा-बारा हात लांबीची शिडाची होडी आपल्या हाताने बांधायची, सुट्टीच्या दिवशी ती नदीत, तलावात किंवा खाडीत सोडायची, वाऱ्यावर दिवसभर फिरायचे आणि सांज झाली की आडोसा बघून, होडीवरच ताडपत्रीची छपरी घालून आत झोपायचे. ऐकायला हा रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. पण ज्या गावाच्या वेशीला नदी आहे आणि ज्या गावात दर चार-दोन वर्षांनी ती नदी घरात शिरते, त्या गावाने या छंदाकडे जरा लक्ष देऊन पाहावे असे त्यात पुष्कळ आहे.

बावड्याची नदी

कसबा बावडा आता कोल्हापूर महानगरपालिकेत आहे, पण मळे, गुऱ्हाळे, राजाराम साखर कारखाना आणि पंचगंगेचा काठ यांमुळे त्याचे गावपण टिकून आहे. इथला राजाराम बंधारा सबंध जिल्ह्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात रेडिओवर, वर्तमानपत्रात आणि आता मोबाईलवर जी पाण्याची पातळी सांगतात ती याच बंधाऱ्याजवळची. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत त्याहून वर चढले.

पण तीच नदी दिवाळीनंतर वेगळी दिसते. बंधाऱ्याला बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून तळ्यासारखे उभे राहते. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे बंधारे एकाखाली एक आहेत. त्यामुळे प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत ही नदी हिवाळ्यात लांबट तळ्यांची माळ बनते. मोठी नाव इथून सलग जाऊ शकत नाही. चार माणसांनी उचलून बंधाऱ्याच्या पलीकडे नेता येईल अशी हलकी होडीच इथे कामाची.

काहील आणि होडी

आपल्याकडे घरची होडी नाही असे मात्र नाही. महापुरात गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून माणसे, शेरडे, वैरण आणि धान्याची पोती हलवण्याचा प्रकार करवीर आणि शिरोळच्या गावांना चांगला माहीत आहे. ज्या भांड्यात उसाचा रस आटतो त्याच भांड्यात बसून जीव वाचवायचा, ही या मातीची अक्कल आहे आणि तिने अनेकांना तारले आहे.

तरी काहिलीचे दोष तिच्यात बसलेल्यालाच कळतात. तिला पुढचे-मागचे टोक नाही, त्यामुळे वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी गिरकी घेते. कुणी उभे राहिले की कलते. आणि पाणी भरले की लोखंडाची असल्यामुळे तळाला जाते.

होडीचा आकार या तिन्ही दोषांवरचा उपाय आहे. लांबट अंगामुळे ती सरळ जाते, रुंद सपाट तळामुळे लवकर कलत नाही, आणि लाकडाची असल्याने पाणी भरले तरी तरंगत राहते. शिडाच्या होडीला आणखी एक गोष्ट लागते. तिच्या मध्यावरच्या खाचेतून एक उभी फळी खाली पाण्यात सोडलेली असते. वारा शिडाला बाजूने रेटतो, पाण्यातली फळी त्या बाजूला सरकू देत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेली होडी पुढे निघते. कलिंगडाची ओली बी चिमटीत दाबली की जशी पुढे उडते, तसाच हा प्रकार. म्हणून वारा आडवा असला तरी होडी पुढे जाते, आणि नागमोडी वाट काढत वाऱ्याच्या दिशेनेही चढते. समोरून नीट वारा असेल तर मात्र सरळ रेषेत जाता येत नाही.

मुंबईत बांधलेली एक होडी

लहान शिडाची नौका किती करू शकते याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या मुंबईत बांधलेल्या नौकेचा आहे. व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने १९६३-६४ साली मुंबईत सागवानाची एक नौका बांधून घेतली. लांबी ३२ फूट, म्हणजे दोन बैलगाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल एवढी. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हातच्या हत्यारांनी ती घडवली. नाव ठेवले सुहेली. १९६५ च्या डिसेंबरात भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन तो मुंबईहून निघाला.

पुढे १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून तो याच नौकेतून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परतला. अशी प्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, शेवटाला एकटा तोच पोचला. मोठ्या आणि वेगवान नौका मागे राहिल्या आणि मुंबईच्या सुतारांची जाड सागवानी नौका घरी आली.

त्या दहा महिन्यांत काय काय झाले हे पाहिले म्हणजे पाण्यावरच्या मुक्कामाचे मर्म कळते. वाटेत तळाचा सांधा गळू लागला, तेव्हा त्याने भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून तो बुजवला. आफ्रिकेच्या दक्षिणेला एका वादळात नौका आडवी झाली आणि टाक्यांतले पिण्याचे पाणी नासले, तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरून तो प्यायला. पुढे रेडिओ बंद पडला आणि आपोआप दिशा धरणारे यंत्रही मोडले. प्रत्येक वेळी हाताशी होते त्यातूनच त्याला काम भागवावे लागले. ज्याची पाभर आडरानात मोडते त्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आपल्या बाजूचा याहून अलीकडचा दाखला गोव्याचा. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची म्हादेई ही शिडाची नौका तयार झाली आणि २००९ च्या फेब्रुवारीत नौदलाकडे आली. पृथ्वीप्रदक्षिणेची नौका दांडेकरांनी त्याआधी कधी बांधली नव्हती. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. या नौकेचे नाव बेळगावच्या रानात उगम पावणाऱ्या नदीचे आहे.

पत्रावळीसारखी टाचलेली होडी

या झाल्या समुद्राच्या गोष्टी. आपल्या तळ्यातल्या मुक्कामाला दहा-बारा फुटांची होडी पुरते, आणि ती घरी बांधण्याची युक्तीही सोपी आहे. १९६३ साली इंग्लंडमध्ये मिरर नावाची होडी आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ती आखली. एका वर्तमानपत्राने तिचा प्रसार केला आणि त्याचेच नाव तिला मिळाले. लांबी सुमारे ११ फूट. प्लायवूडचे आखून कापलेले तुकडे कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे, सांध्यावर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, आणि वाळल्यावर बाहेरची तार कापून टाकायची. आपल्या बाया पळसाची पाने काडीने टाचून पत्रावळ लावतात, त्याच जातीची ही विद्या. सुताराची अवघड कौशल्ये नसलेल्या नोकरदारांनी आणि शाळामास्तरांनी घराच्या पडवीत अशा होड्या बांधल्या. आजवर ७० हजारांवर मिरर होड्या बांधल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे बांधायची झाल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्लायवूड पाण्यातले, म्हणजे आयएस ७१० हा शिक्का असलेलेच घ्यावे. घरच्या कपाटाचे साधे प्लायवूड भिजले की त्याचे पापुद्रे सुटतात. डोलकाठीला सरळ, पक्व बांबू चालतो. शीड जाड कापडाचे किंवा चांगल्या ताडपत्रीचेही होते. बैठकींच्या खाली झाकण घट्ट बसणारे रिकामे प्लास्टिकचे कॅन पक्के बांधावेत. २० लिटरचा बंद कॅन पाण्याखाली दाबला तर जवळजवळ २० किलो वजन वर उचलून धरतो. असे सहा कॅन बांधले की होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडत नाही आणि माणसांना धरायला आधार राहतो.

नवी होडी तयार झाली की तिच्यात झोपण्याआधी एक परीक्षा घ्यावी. कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम उलटी करावी, पाण्याने भरावी, पुन्हा सरळ करून बादलीने उपसावी. हे काम ज्याला दिवसाढवळ्या काठाजवळ जमले नाही त्याने रात्रीचा मुक्काम पुढे ढकलावा.

रात्रीची तयारी

मुक्कामाची जागा सूर्य मावळायच्या तासभर आधी गाठावी. अंधारात दगड, झाडाची बुडालेली फांदी किंवा पंपाचा पाईप दिसत नाही. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला उंच काठ किंवा झाडी असेल तर पाणी संथ राहते. केंदाळ साचलेली जागा टाळावी. तिथे डास जास्त आणि होडी गुरफटते.

होडी थांबवायच्या अवजाराला आपल्या भाषेत नांगर म्हणतात, ते उगीच नाही. शेतातला नांगर जसा माती धरतो तसाच हाही तळाची माती धरतो. दोर आखूड ठेवला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि फाळ मातीतून उपसून येतो. दोर लांब सोडला तर ओढ आडवी बसते आणि तो अधिकच रुततो. म्हणून पाणी आठ फूट खोल असेल तर रात्रीसाठी चाळीस ते पन्नास फूट दोर सोडावा. अरुंद नदीत होडी एवढी फिरू देता येत नसेल, तर पुढून आणि मागून दोन दोर काढून काठावरच्या झाडांना किंवा मेखांना बांधावेत. दोरात थोडी ढील ठेवावी, कारण पाणी चढते आणि उतरते.

शिडाच्या खालच्या आडव्या काठीवर ताडपत्री टाकून दोन्ही कडांना बांधली की छपरी होते. दव पडणाऱ्या रात्री तिच्यावाचून सगळे ओले होते. एका बाजूने वारा खेळता ठेवावा आणि मच्छरदाणी लावावी. बैठकींवर सुट्या फळ्या टाकल्या की बाज तयार होते. पण तळाचे लाकूड कोरडे असेल तर तळावर झोपणेच बरे, कारण वजन जेवढे खाली तेवढी होडी स्थिर. पाण्याचे कॅन, भांडी, अवजारे हे जडशीळ सामान तळाला मध्यावर ठेवावे. चढता-उतरताना मध्यावर पाय ठेवावा आणि एका वेळी एकानेच उठावे.

स्वयंपाक काठावर करून घ्यावा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घरून नेला तर चुलीचीही गरज नाही. ताडपत्रीच्या आत शेगडी किंवा कोळसे मुळीच ठेवू नयेत. आग लागण्याचे भय आहेच, शिवाय कोंडलेल्या जागी कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि त्याने झोपेतल्या माणसाचा जीव जातो. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. पंचगंगेत शहराचे सांडपाणी मिसळते, ते उकळूनही पिण्याजोगे समजू नये.

बाहेर एक दिवा रात्रभर जळत ठेवावा, म्हणजे मासेमारीला निघालेल्याला होडी दिसेल. प्रत्येकाजवळ तरंगणारे जाकीट हवे आणि लहान मुलांच्या अंगात ते झोपेतही हवे. हातपाय पाण्यात सोडून बसू नये. कृष्णेत मगरी आहेत आणि पंचगंगेतही त्या दिसल्या आहेत. कुठे जातो आणि केव्हा परत येणार हे घरी सांगून जावे. धरणाच्या तलावात जायचे असेल तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्यावी.

केव्हा जाऊ नये

पावसाळ्यात हा मुक्काम सर्वस्वी वर्ज्य. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, आणि भोगावतीतून ते पाणी पंचगंगेत येते. झोपलेल्या माणसाला ते कळवायला कुणी येत नाही. उन्हाळ्यातही शेतीसाठी पाणी सोडतात, तेव्हा पातळी बदलते. बंधाऱ्याच्या जवळ तर कुठल्याही ऋतूत मुक्काम करू नये. वरून पाणी संथ दिसते, पण बरग्यांच्या फटीकडे आणि सांडव्याकडे ओढ असते. खालच्या अंगाला जिथे पाणी पडते तिथे ते गरगरत मागे ओढते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस, स्वच्छ आभाळ आणि मंद वारा असेल तरच हा बेत करावा.

रेघेची गोष्ट

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायामुलांसह अनेकांचे प्राण गेले. नावेत झेपतील त्याहून जास्त माणसे बसली होती. दोष कुणाला द्यायचा? पाणी दारात आल्यावर मागे राहायला कोण तयार होईल? पण नाव किती माणसे पेलते हे पाणी दारात येण्याआधी सबंध गावाला ठाऊक असेल, तर निदान सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिथेही लाट आल्यावर घाबरलेले उतारू एका बाजूला धावले होते.

इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसोल या पार्लमेंटच्या सभासदाने जहाजांवर बेसुमार माल लादण्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणे सक्तीचे झाले. ही रेघ आपल्याही होडीवर काढता येते. संथ पाण्यात एकेक माणूस बसवत जावे. काठ आणि पाणी यांच्यात एक वीत अंतर उरले की थांबावे, बाहेरून त्या पातळीला रंगाची ठळक रेघ मारावी आणि माणसांचा आकडा होडीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. पाणी वाहते आणि लाटांचे असेल तर त्याहूनही कमी माणसे घ्यावीत.

पाण्यावर काढलेल्या एका रात्रीत घरच्या पोराला जे कळते ते शंभर सूचनाफलकांनी कळत नाही. एक माणूस एकदम उठला तर होडी किती झुकते, सामान वर ठेवले तर काय होते, दोर आखूड पडला तर नांगर कसा सुटतो, अंधारात काठ किती लांब भासतो, हे सगळे त्याच्या अंगात मुरते. महापुरात लष्कर, नौदल आणि आपत्ती दलाची माणसे येतात आणि मोलाचे काम करतात, पण ती येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचे असतात. त्या तासांत होडीच्या मागच्या टोकाला बसून, “सहा झाले, आता पुढच्या खेपेला,” असे ठामपणे सांगणारा एखादा जाणता पोरगा किंवा पोरगी गावात हवी.

म्हणून ज्या घरी थोडी हौस आणि पडवीत थोडी जागा आहे, त्यांनी येत्या सुगीनंतर हे काम काढायला हरकत नाही. तरुण मंडळाने चार जणांत मिळून एक होडी बांधली तरी पुरे. आधी मुलांना पोहायला शिकवावे, मग वल्हे हातात द्यावे, मग शीड, आणि सगळ्यात शेवटी रात्रीचा मुक्काम. होडी वापरून झाली की धुऊन, वाळवून, गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगून ठेवावी. ज्येष्ठात बरगे निघाले की एकदा खाली उतरवून सांधे, दोर आणि कॅन तपासावेत, आणि अंगावरची रेघ पुसट झाली असेल तर नव्याने रंगवावी.